घराला नावं ठेवणारं गिऱ्हाईक

पुणे,
१८ ऑगस्ट २०२३

ती. आईंना,
साक्षीचा सप्रेम जयभीम.

पत्र बघून घाबरू नका, इकडं सगळं ठीक आहे. परवा फोनवर मी "आई, गुडघे कसे आहेत?" म्हणून तीन-चारदा ओरडले आणि तुम्ही दरवेळी शांतपणे सांगितलंत, "हो, जेवले मी." शेवटी शेजारच्या काकू दार वाजवून विचारायला आल्या, घरात भांडण चाललंय का म्हणून. तेव्हा सिद्धोधन म्हणाले, "आईला समोर बसून मोठ्यानं बोललं की कळतं, पण फोन आता तिच्या कामाचा राहिला नाही. मोबाईलवरचं बारीक अक्षरही वाचवत नाही तिला. तू सरळ पत्र लिही. आयुष्यभर शाळेतल्या पोरांच्या वह्या तपासल्यात तिनं, तिला आवडेल."

म्हणून हे पत्र. लग्नाला तीन वर्षं होत आली, पण सुट्टीचे चार दिवस सोडले तर आपण दोघी एकत्र राहिलोच नाही. खरं सांगायचं तर तुमच्याशी काय बोलावं हे मला अजून कळत नाही. लिहिताना तेवढी भीती वाटत नाही.

मानवतच्या घरावर 'विकणे आहे' ची पाटी लावून दोन महिने झाले. कुणी बघून गेलं का? आम्ही इथं एक-दोन इमारती पाहिल्या. आता राहतो ते घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, तुमच्या गुडघ्यांना ते जमायचं नाही. तिकडचं घर विकलं गेलं की त्यात आमची शिल्लक घालून लिफ्टच्या इमारतीत दोन खोल्या जास्तीच्या घेता येतील. त्यातली एक तुमची. हे ठरलेलं आहे, त्यात आता बदल नाही.

उत्तर लिहाल ना?

तुमची,
साक्षी


मानवत,
२७ ऑगस्ट २०२३

चि. साक्षीस,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

तुझं पत्र पोस्टमननं हातात दिलं तेव्हा मला वाटलं पेन्शनच्या कचेरीतून काहीतरी आलं. बाईच्या अक्षरातला पत्ता बघितला आणि तिथंच ओट्यावर बसून वाचलं. अक्षर चांगलं आहे. एका ठिकाणी वेलांटी चुकली होती, सवयीनं लाल पेननं खूण केली. रागावू नकोस.

घराचं विचारतेस. पाटी लागल्यावर योगीराज नावाचा एक मुलगा घरी आला. प्लॉट आणि घरं दाखवायचं काम करतो. माणूस बोलका आहे, वाईट नाही. त्यानं मागच्या आठवड्यात धान्याच्या मोंढ्यातल्या एका अडत्याचं कुटुंब आणलं. त्या बाईंना स्वयंपाकघर फार आवडलं. ओटा केवढा, खिडकी केवढी, कपाट कुठं मावेल, सगळं वितीनं मोजलं. मग बैठकीत येऊन बसले. मी पाणी दिलं, ते तसंच राहिलं. घाईत असतील. संध्याकाळी योगीराज येऊन म्हणाला, "बाई, त्यांना दक्षिणेचं दार चालत न्हाई म्हने."

आता तुझ्या सासऱ्यांनी घर बांधलं तेव्हा रस्ता दक्षिणेला होता, म्हणून दार दक्षिणेला. एसटीच्या वर्कशॉपमधला माणूस, त्याला दिशा एकच माहीत, डेपोची. त्या दारातून सिद्धोधन शाळेत गेला, कॉलेजात गेला, तुला घेऊन आला. आमचं काही वाकडं झालं नाही. पण ज्याला नको त्याला नको.

गुडघे दुखतात. जेवण मात्र झालं आहे.

आशीर्वाद,
आई


पुणे,
९ सप्टेंबर २०२३

ती. आईंना,
सप्रेम जयभीम.

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य वाचून सिद्धोधन इतके हसले की चहा सांडला.

आता कामाचं. मी लॅबमधून येताना बसमध्ये घरं विकण्याबद्दल बरंच वाचलं. लोक काय म्हणतात तर घर पडून राहतं ते बहुतेक मालकाच्याच हातातल्या गोष्टींमुळं. भाव आजूबाजूच्यापेक्षा जास्त लावलेला असतो. कागद अर्धवट असतात. भिंती कळकट, खोल्या सामानानं भरलेल्या, उजेड नाही. म्हणजे हे सगळं आपल्याला दुरुस्त करता येण्यासारखं आहे!

एक, नगरपालिकेत घर अजून पप्पांच्याच नावावर आहे. वारस म्हणून तुमचं आणि सिद्धोधनचं नाव लागलं पाहिजे, नाहीतर घेणाऱ्याला धास्ती वाटते. ते पुढच्या महिन्यात दोन दिवस येऊन हे काम करतील. भाव योगीराजला विचारून गल्लीतल्या मागच्या विक्रीच्या बरोबरीनं लावा. रंग द्या. बैठकीतली ती लोखंडी कॉट आतल्या खोलीत न्या.

आणि दाराचं मी रात्रंदिवस डोक्यात घोळवतेय. बोळाच्या बाजूची खिडकी पूर्वेला आहे ना? ती उतरवून तिथं दार केलं तर? मग ज्याला पूर्व हवी त्याला पूर्व, ज्याला रस्ता हवा त्याला दक्षिण. सिद्धोधन म्हणतात, एवढं करायची गरज नाही. मी म्हणते, आई लवकर यायला हव्या असतील तर आहे.

तुमची,
साक्षी


मानवत,
१७ ऑक्टोबर २०२३

चि. साक्षीस,
आशीर्वाद आणि जयभीम.

दार झालं. गवंडी आधी नाही म्हणत होता, मग भिंत फोडायला लागला तसा त्यालाच हुरूप आला. आता सकाळचं ऊन बोळातून थेट आत येतं आणि मी तिथं पाट टाकून पायांवर ऊन घेते. एवढ्या वर्षांत हे मला का सुचलं नाही? यांना तर हसायलाच आलं असतं, सूनबाईनं पुण्यात बसून मानवतला भिंत फोडली म्हणून.

रंग दिला. बदामी. कॉट आत गेली. सिद्धोधन येऊन नावं लावून गेला, ते तुला माहीत आहेच. भावही उतरवला. योगीराज म्हणतो, "बाई, आता ह्या गल्लीत असं घर दुसरं न्हाई."

गेल्या आठवड्यात ज्युनिअर कॉलेजातले एक सर आणि त्यांची पत्नी येऊन गेले. फार सभ्य माणसं. पूर्वेचं दार बघून खूश झाले. बाग कुठं करता येईल तेही बोलले. बैठकीत आल्यावर सरांनी विचारलं, "आपण मूळच्या कुठल्या? आडनाव काय म्हणालात?" मी म्हटलं, वाव्हळे. ते म्हणाले, "छान, छान." दुसऱ्या दिवशी निरोप आला की बाजार लांब पडतो.

असो. तू जेवणाचा डबा नेतेस का? सिद्धोधन वाळलाय, आणि त्याच्या बोलण्यावरून तूही काही खात असशील असं वाटलं नाही. त्याच्याबरोबर शेंगदाण्याची चटणी पाठवली ती दोघांसाठी होती, हे त्याला पुन्हा सांग.

आशीर्वाद,
आई


पुणे,
५ नोव्हेंबर २०२३

ती. आईंना,
सप्रेम जयभीम.

चटणीचा डबा त्यांनी ऑफिसात नेला होता. आता घरी आला आहे, आणि माझ्या ताब्यात आहे.

बाजार लांब? आपण दोघी चालत गेलो होतो की! वाटेत तुम्ही ओळखीच्या बायकांशी थांबून थांबून बोललात, तरी आणलेली कोथिंबीर मलूल झाली नव्हती. लोक काहीही कारणं सांगतात.

पण मला आता एक महत्त्वाची गोष्ट सापडली आहे. घर बघायला आलेल्या माणसाला तिथं स्वतःचं घर दिसलं पाहिजे, दुसऱ्याचं नाही. म्हणून भिंतींवरचे फोटो, आपल्या खुणा, जे जे आपलं म्हणून दिसतं ते काढून ठेवायचं. भिंती मोकळ्या ठेवायच्या. मालकानंही बाजूला व्हायचं, शेजारी जाऊन बसायचं. बैठकीत तर आपले फोटोच फोटो आहेत. पुढचं गिऱ्हाईक येईल तेव्हा एवढं करून बघाच. मला खात्री आहे, अडतंय ते इथंच.

आम्ही काल एक घर पाहिलं. तुमच्या खोलीची खिडकी मागच्या अंगाला आहे, तिथून कडुनिंब दिसतो. लिफ्ट मोठी आहे. मी खिडकीत उभं राहून पाहिलं, तिथं तुमची खुर्ची बरोबर बसते.

तुमची,
साक्षी


मानवत,
२८ नोव्हेंबर २०२३

चि. साक्षीस,

तू लिहिलंस तसं केलं. परवा आलेल्यांनीही घर घेतलं नाही. आता पुढच्या सूचना पाठवू नकोस. त्या खोलीसाठी अडून राहू नका, तुम्हा दोघांपुरतं घर बघा. तब्येत बरी आहे.

आई


पुणे,
१० डिसेंबर २०२३

ती. आईंना,
सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र पर्समध्ये घालून आठवडाभर फिरतेय. सिद्धोधनना दाखवलं नाही. ते विचारतात, आई काय म्हणते, मी म्हणते, बरी आहे म्हणते.

आई, एक विचारू? तुम्हाला इकडं यायचंच नाही का? मी पहिल्यापासूनची पत्रं काढून वाचली. आधी दार, मग बाजार, आता तर कारणसुद्धा नाही. नवं दार झालं तेव्हा तुम्ही उन्हाबद्दल इतकं छान लिहिलंत की मला वाटून गेलं, यांना तर हे घर आता जास्तच आवडायला लागलं. तसं असेल तर स्पष्ट सांगा. घर नका विकू. मी सिद्धोधनना समजावीन. पण आलेलं गिऱ्हाईक तुम्हीच परतवून लावत असाल आणि मला सांगत नसाल, तर मला परकं केल्यासारखं वाटेल.

माझी आई सोनपेठला दुसऱ्यांच्या रानात जायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. हॉस्टेलवर बाकीच्या मुलींना घरून पत्रं यायची, चार ओळींची का असेनात. मला कधी आलं नाही. आणि मी शिकून नोकरीला लागले तोवर ती राहिलीही नाही. तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा मी लॅबमध्ये सगळ्यांना दाखवलं, लाल खुणेच्या गोष्टीसकट. म्हणून त्या चार ओळी मला जड गेल्या. बाकी काही नाही.

सूचना देणार नाही.

साक्षी


मानवत,
१७ डिसेंबर २०२३

माझ्या साक्षीला,
जयभीम.

मी गिऱ्हाईक परतवून लावलं नाही, बाळ. तुझं पत्र वाचून मला आधी वाईट वाटलं आणि मग माझाच राग आला. मी तुला खोटं लिहिलं नव्हतं. लोकांनी जी कारणं सांगितली ती तुला कळवली. पण ती खरी नव्हती हे मला माहीत होतं, ते कळवलं नाही. आता कळवते.

कान गेल्यापासून मी चेहरे वाचायला लागले आहे. अडत्याची बायको स्वयंपाकघर मोजत होती तेव्हा तिचा चेहरा घर घेतलेल्या बाईचा होता. बैठकीत आली, समोर बाबासाहेबांची तसबीर, शेजारी बुद्धाची मूर्ती, आणि चेहरा बदलला. कॉलेजच्या सरांनी आडनाव विचारलं तेव्हा त्यांचाही बदलला. 'छान, छान' तोंडानं म्हणाले. आमच्या दाराची दिशा त्यांना बैठकीत आल्यावरच कशी आठवते?

तू म्हणशील, मग आधी का नाही लिहिलं. तू किती आशेनं ते दार सुचवलंस! तुला वाटत होतं सगळं दुरुस्त करण्यासारखं आहे. मला ते मोडवेना.

नोव्हेंबरात योगीराज आला. चहा संपवला. मग म्हणाला, "बाई, माझं मन साफ हाय, मी तुमच्या घरचा चहा पितो. पन गिऱ्हाईकाचं तसं नसतंय. येक जन पक्का हाय, रोख घेनारा. तेवढी तसबीर उतरवता का? येका दिसापुरती. मागून लावा की." मी त्याला म्हटलं, "ऊठ आणि जा." तो गेला. आणि त्याच दुपारी तुझं पत्र आलं, भिंती मोकळ्या करा म्हणून. जे जे आपलं म्हणून दिसतं ते काढून ठेवा, असं लिहिलं होतंस.

तुझ्या मनात ते नव्हतं हे मला आज कळतं. त्या दिवशी नाही कळलं. मला वाटलं, पोरीलाही हे माहीत आहे आणि ती सांभाळून सांगते आहे. पुण्यात राहायचं तर असंच करावं लागत असेल. आणि तू ती खिडकी लिहिली होतीस, खुर्ची लिहिली होतीस. मी स्टुलावर चढले आणि तसबीर उतरवली. मूर्ती उचलून आत नेली आणि योगीराजला निरोप धाडला, आण तुझं गिऱ्हाईक.

ती माणसं आली. नवरा-बायको आणि नवऱ्याचे वडील. बाई आनंदली होती, हिंडून हिंडून घर बघत होती. मी चहा केला. म्हातारे गृहस्थ सोफ्यावर बसले, समोर भिंतीकडं बघितलं आणि मला मोठ्यानं विचारलं, "हितं काय होतं?"

भिंतीला रंग दिला तेव्हा मी रंगाऱ्याला तसबीर हलवू दिली नव्हती, आजूबाजूनं दे म्हटलं होतं. बदामी भिंतीवर तेवढा चौकोन जुन्या पांढऱ्या रंगाचा राहिला होता. उतरवताना माझ्या लक्षातच आलं नाही. आता तो सगळ्यांना दिसत होता.

काहीही सांगता आलं असतं. कॅलेंडर होतं म्हणाले असते तरी चाललं असतं. पण एवढी वर्षं पोरांना उभं करून 'खरं बोल' म्हटलेलं तोंड माझं. मी म्हणाले, "बाबासाहेबांची तसबीर होती. तुम्ही येणार म्हणून मी काढून ठेवली."

वडील उठले तसे बाकीचेही उठले. त्यांच्या सुनेनं माझ्याकडं एकदा बघितलं, तिला बहुतेक काहीतरी बोलायचं होतं. ते दारात चपला घालत होते तेवढ्यात मी आतून तसबीर आणली आणि त्यांच्यादेखत जागेवर लावली. गुडघ्यांचं भानही राहिलं नाही. योगीराज स्टूल धरून उभा होता. तो रडवेला झाला होता. मी नाही रडले. मी नंतर तुला ते चार ओळींचं पत्र लिहिलं.

मला तुझ्याकडं यायचं आहे. पण घर विकण्यासाठी मी आता काही उतरवणार नाही.

तुझी,
आई


पुणे,
६ जानेवारी २०२४

माझ्या आईला,
जयभीम.

पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं सिद्धोधनना. अर्ध्यावर ते त्यांच्या हातात दिलं, पुढचं त्यांनी वाचलं.

मी 'फोटो' लिहिलं तेव्हा माझ्या डोक्यात आमच्या लग्नाचा फोटो होता, सिद्धोधनचा शाळेतला बक्षीस घेतानाचा होता. ती तसबीर मला फोटोंत धरताच आली नसती. ती घरात असतेच. भिंत असते तशी. पण मी बघायला हवं होतं की मी कुणाला काय लिहितेय. इंटरनेटवरचा सल्ला लिहिणाऱ्याला तुमची बैठक माहीत नव्हती, मला तर होती. मला माफ करा.

आता आमचंही ऐका. आम्ही हे घर भाड्यानं घेतलं त्याआधी तीन घरं अशीच हातची गेली. एका मालकिणीनं किल्ली देऊन परत मागितली, भाचा येणार आहे म्हणाली. ते घर पुढं कित्येक महिने रिकामंच होतं, मी रोज बसमधून बघायचे. सिद्धोधननी मला बजावलं होतं, आईला यातलं काही सांगायचं नाही, तिला वाटतं पुण्यात असलं काही राहिलं नाही. म्हणजे तुम्ही आमच्यापासून लपवत होतात आणि आम्ही तुमच्यापासून. तिघंही एकमेकांना जपत होतो आणि प्रत्येक जण एकटाच होता.

सूचना देणार नाही म्हणाले होते. एकच देते, पटली नाही तर फाडून टाका. पाटी बदलूया. तिच्यावर सगळ्यात वर ठळक अक्षरात लिहूया: 'वाव्हळे यांचे घर विकणे आहे. श्रीमती धम्मशीला आश्रुबा वाव्हळे, निवृत्त शिक्षिका.' योगीराजच्या मोबाईलवरच्या जाहिरातीतही तेच, आणि फोटो बैठकीचा, तसबिरीसकट. ज्यांना चालत नाही ते रस्त्यावरूनच जातील. तुम्हाला त्यांचे कप विसळायला नकोत, त्यांचे चेहरे वाचायला नकोत. कमी लोक येतील. कुणीच नाही आलं तर नाही आलं. मग मीच दर महिन्याला येत जाईन.

आमच्या घराचंही तेच ठरवलं. यापुढं आधी आडनाव सांगायचं, मग खोल्या बघायच्या.

तुमची,
साक्षी


मानवत,
१० मार्च २०२४

चि. साक्षीस,
भरपूर आशीर्वाद आणि जयभीम.

एवढे दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. पाटी बदलली. योगीराजनं कपाळाला हात लावला, "बाई, आता कुत्रं सुदिक यायचं न्हाई." पण रंगवून त्यानंच आणली आणि पैसे घेतले नाहीत. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला, खरंच कुणी आलं नाही. तरी मला बरं वाटत होतं. कुणाचे कप विसळायचे नव्हते, कुणाचा चेहरा वाचायचा नव्हता.

आणि काल काय झालं ते ऐक.

सकाळी मी पूर्वेच्या दारात बसले होते. एक म्हातारी बाई थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली. नऊवारी, हातात पिशवी, मागं तिचा मुलगा आणि सून. मुलाचं नाव सूर्यभान, वीज मंडळात लाईनमन आहे, सोनपेठकडच्या एका खेड्यातले मराठे, घरी थोडी शेती. सून मनिषा शिवणकाम करते. म्हातारी म्हणजे धुरपताबाई. तिचा आवाज असा की मला एक शब्द परत विचारावा लागला नाही.

"ही पाटी तुमीच लावली व्हय?"

मी म्हटलं, हो.

"कुनाचं घर हाय ते येवढं मोठं लिवलंय, आन खोल्या किती हायत ते लिवलंच न्हाई! असली पाटी असती व्हय?"

मी उठून बाजूला झाले. म्हटलं, या, आत येऊन मोजा.

साक्षी, त्या माणसांनी माझ्या घराला इतकी नावं ठेवली! धुरपताबाईनं मोरीत तांब्याभर पाणी ओतलं आणि बघत उभी राहिली. "बाई, पानी उलटं यायलंय की! ढाळच न्हाई दिला." सूर्यभाननं बोटांच्या गाठींनी भिंती वाजवून बघितल्या, मेन स्वीच उघडला आणि मान हलवायला लागला. "ही वायरिंग लय जुनी हाय. समदी काढून नवी टाकावी लागंल. मागच्या भिंतीला ओल हाय. अन् हे बोळातलं दार कुनी केलं? चौकट तिरकी बसलीय." मी म्हटलं, "ते माझ्या सुनेनं केलंय. त्याला नावं ठेवायची नाहीत." मनिषा हसली. तिला मशीन ठेवायला तीच जागा आवडली, उजेड येतो म्हणून.

मग सगळे बैठकीत बसले. समोर तसबीर. मी सवयीनं चेहरे बघायला लागले. सूर्यभाननं तसबिरीकडं बघितलं, हात जोडले आणि लगेच भावावर आला. "बाई, ह्या भावात न्हाई जमायचं."

मी म्हटलं, "का नाही जमायचं?"

"मोरी फोडायची, वायरिंग बदलायची, ओल काढायची. तुमीच सांगा."

धुरपताबाई मधेच, "अन् पानी किती दिसाला येतंय नळाला? खरं सांगा बरं."

खरं सांगितलं, तशी तिनं आणखी भाव पाडला. मीही सोडलं नाही. दोन्ही बाजूंनी उजेड आहे म्हटलं, शहाबादी फरशी कुठं हललेली दाखवा म्हटलं, बाजार पायाखाली आहे म्हटलं. आम्ही भाजीबाजारात भांडावं तसं भांडलो. योगीराजला घाम फुटला, त्याला वाटलं आता मोडतंय. आणि मला एकाएकी हसू आलं. धुरपताबाई म्हणाली, "हसायलाव काय?" मी काय सांगू तिला? आजवर आलेल्या कुणीच मोरीचा ढाळ बघितला नव्हता. तिथपर्यंत ते पोचलेच नव्हते. घासाघीस करायलासुद्धा माणसाला समोरचा आपल्यासारखा वाटावा लागतो. पहिल्यांदा कुणी घराला नावं ठेवली, आम्हाला नाही.

जाताना सूर्यभान बाजूला येऊन म्हणाला, "बाई, लपवत न्हाई. मामा म्हनायलेत तिथं घेऊ नको. मामाचं काय, त्यायला सवताचं घर हाय. मला ड्युटीच्या जवळ पायजे." त्याला खरं बोलताना बघून मी थोडा भाव उतरवला. थोडाच. आज सकाळी त्यानं इसार दिला.

तू म्हणशील, कमी केला. केला. ओल खरीच आहे.

आशीर्वाद,
आई


पुणे,
२४ मार्च २०२४

ती. आईंना,
सप्रेम जयभीम.

चौकट तिरकी आहे हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत!

पत्र मी लॅबमध्ये वाचलं आणि मधल्या सुट्टीत सगळ्यांना मोरीची गोष्ट सांगितली. सिद्धोधन म्हणतात, त्या मोरीत पाणी उलटं येतं हे पप्पांना तीस वर्षं माहीत होतं आणि ते दर दिवाळीला म्हणायचे, आता फोडू.

भाव कमी झाल्याचं काही वाटून घेऊ नका. आमच्या बाजूची बातमी मात्र अर्धीच चांगली. कडुनिंबाचं घर गेलं, दुसऱ्या कुणी घेतलं. दुसरं एक पाहिलं आहे, तिथल्या माणसाला फोनवरच आडनाव सांगितलं, तो म्हणाला, "बरं, मग कधी येताय बघायला?" पण ते बांधून व्हायला दिवाळी उजाडेल. तोवर तुम्ही मानवतला भाड्यानं खोली घ्यावी की इथं यावं, कळत नाही. इथं तीन मजले आहेत. मला तुम्ही हव्या आहात, पण तुमचे गुडघे मोडून नकोत.

खरेदीखताला सिद्धोधन येतील. मलाही रजा मिळते का बघते.

तुमची,
साक्षी


मानवत,
५ मे २०२४

चि. साक्षीस,
आशीर्वाद आणि जयभीम.

तुला रजा मिळाली नाही म्हणून हिरमुसू नकोस. खरेदीखत नीट झालं. कचेरीत धुरपताबाई माझ्या शेजारी बसली होती आणि तिला अंगठा द्यायचा नव्हता तरी सारखी विचारत होती, माझा अंगठा कुठं लावू. सूर्यभाननं वायरिंगला माणूस बोलावलाही. मी घर सोडायच्या आधीच स्वीचबोर्ड निघाले, दोन दिवस मी कंदिलावर आहे. मनिषा रोज येते, मोजमापं घेते, मला डबा आणते. विहारातल्या बायकांनी परवा मला निरोपाला बोलावून सगळ्यांसमोर बोलायला लावलं. तीन वाक्यं बोलले आणि खाली बसले.

आता राहायचं कुठं ते. मानवतला भाड्यानं खोली घेणार नाही. तीन मजले तर तीन मजले. प्रत्येक मजल्यावर थोडं बसेन, तिथल्या बायकांशी ओळख करून घेईन आणि मग पुढं चढेन. सारखं खाली-वर करणार नाही. एकदा वर आले की दिवाळीपर्यंत मला खाली उतरवू नका, भाजी तुम्ही आणा, निवडून मी देईन.

सिद्धोधन सामानाच्या टेम्पोबरोबर असेल, मला १६ तारखेला पहाटेच्या गाडीत बसवून देईल. दुपारी पोचेन तेव्हा तू लॅबमध्ये असशील. रजा टाकू नकोस. शेजारच्या काकूंकडं किल्ली ठेव आणि त्यांना सांग, म्हातारीशी समोर उभं राहून मोठ्यानं बोला.

तू संध्याकाळी दमून येशील. चहा मी करून ठेवीन. फक्त साखर कुठं असते ते एका कागदावर लिहून ओट्यावर ठेव, आणि वेलांटी बघून लिही.

तुझी,
आई